रिकाम्या ग्राइंडरचा आवाज

उस्ताद, काल मी दात साफ करून घ्यायला गेलो होतो. तुम्ही हसाल, या वयात याला हे काय सुचलं म्हणाल. पण पुढच्या महिन्यात लेकीचं साक्षगंध आहे, आणि बायको म्हणाली, "फोटोत तरी तोंड मिटून ठेवजा. दात हायेत का वार्निशचा डबा?" मीही हसलो आणि गेलो. हसत गेलो हे मुद्दाम सांगतो, कारण येताना नालवाडीच्या वळणावर स्कूटर थांबवून किती वेळ उभा होतो ते मलाच माहीत नाही. तुमचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं तिथे आता मोबाइलवाला बसतो. तुम्हाला काही कळवायचं तर पत्ता नाही. म्हणून वाइंडिंगच्या वहीत, जिथे आपण वेढे आणि तारेचा गेज लिहून ठेवायचो, तिथेच मागच्या कोऱ्या पानांवर लिहितोय. अक्षर सांभाळून घ्या.

दात साफ करणारी डॉक्टर नव्हती. तिनेच आधी सांगून टाकलं, "मी डॉक्टर नाई काका. डेंटल हायजिनिस्ट म्हणतेत. दात साफ कराचे, हिरड्या पाहाच्या, लोकाइले ब्रश शिकवाचा, हे माझं काम." आंजी गावची पोर, माझ्या लेकीएवढी. हातात बारीक टोकाचं मशीन, त्यातून पाण्याची चिळकांडी, आणि मास्कच्या आत तिचं आपलं गुणगुणणं चालू. त्या मशीनच्या आवाजाला लोक भितात म्हणे. मला तर मौज वाटली. टोक मोकळ्या दातावर असलं की आवाज बारीक आणि साफ, कीटणावर आलं की घोगरा, लोडवर आलेल्या मोटरसारखा. चूळ भरायला थांबली तेव्हा मी म्हणालो, "उजवीकडं खाली, मांगून दुसरी दाढ. तिथं रायलं थोडं." तिने आरसा घालून पाहिलं. "रायलंच होतं. तुमाले कसं समजलं?" म्हटलं, "मोटरी ऐकून पोट भरतो बाई." ती म्हणाली, "मंग उद्यापासून तुमीच येजा कामाले."

मग ती डाव्या बाजूला आली. आरशाने गाल ओढला, आणि तिचं गुणगुणणं थांबलं. मशीन चालूच होतं, फक्त गाणं थांबलं. उस्ताद, मी तिथेच गार झालो. चालत्या मोटरमध्ये एखादा आवाज यायचा बंद झाला तर काय समजायचं, ते तुम्हीच मला शिकवलंय. नंतर तिने मशीनही बंद केलं. खोलीत नुसता पंखा राहिला.

"काका, तोंड अजून उघडा."

"उघडलंच तं हाय."

"एवढंच? तुमची तीन बोटं एकावर एक उभी धरा, अन् तोंडात घालून पाहा."

दोन गेली. तिसरं दाताला अडलं. मी कोन बदलून पाहिला, मान वर करून पाहिलं, जसं काही बोटाचंच चुकत होतं.

"तंबाखूचा खर्रा कधीपासून?"

"सोडला."

"कधी सोडला?"

"सोडून राह्यलो."

ती हसली नाही. तिने डॉक्टरांना बोलावलं. ते पाहून म्हणाले, गालाच्या आत पांढरा पट्टा आहे, कातडी दोरीसारखी ताठ झाली आहे, परवा अकरा वाजता या, छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू. मी विचारलं, काय निघेल? ते म्हणाले, आज सांगता येत नाही, पण टाळू नका. मी चप्पल घालत होतो तर ती पोर दारापर्यंत आली. "डाव्या बाजूनं ब्रश कराचा सोडला ना तुमी? झोंबते म्हणून?" मी मान हलवली. "दुसऱ्याच्या मोटरी ऐकता, अन् आपल्या तोंडाचं काऊन नाई ऐकलं? परवा येजा. नाई आले तं मी फोन करीन." मला तिचा राग आला. इतका राग का आला, ते काल समजलं नव्हतं.

ऐकलं होतं, उस्ताद. भाजीतलं तिखट झोंबायला लागलं तेव्हाच ऐकलं होतं. जेवणाचा घास लहान झाला, जांभई अर्ध्यात अडकायला लागली, तेही. हे सगळं मी एकदा आधी पाहिलेलं आहे. तुमच्या तोंडात.

कापसाची जिनिंग बंद पडली, माझं काम गेलं आणि मी एका लेकराचा बाप असताना तुमच्याकडे शिकायला आलो. लाज वाटायची, पण तुम्ही विचारलं काहीच नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेरिंगवर टेकवलं, मूठ माझ्या कानाला लावली आणि म्हणालात, "काय म्हणते ते?" तेच माझं शिक्षण. मोटर नीट झाली की तुम्ही टेबलावर चालवता, ओठांचा चंबू करता आणि तिच्या सुरात शिट्टी देता. शिट्टी आणि मोटर एक झाली की बाहेर बसलेला शेतकरी न विचारता उठतो, त्यालाही माहीत असतं की झाली आपली मोटर. एकदा मी खराब बेरिंगमध्ये ग्रीस कोंबून आवाज दाबला होता. तुम्ही सगळ्यांसमोर ते उघडलंत. "आवाज दाबला तं बेरिंग सुधरते का बे? पिकाले पाणी देताना अडकंन मंग मोटर त्याची." त्यानंतर तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत.

आणि रोहण्याच्या एका माणसाच्या मोटरीत मी पहिल्यांदा एकट्याने तार भरली, त्या दिवशी तुम्ही खिशातून पन्नी काढलीत. सुपारी, तंबाखू, चुना, चांगला घोटलेला. अर्धा खर्रा माझ्या तळहातावर ठेवलात, पाठीवर थाप मारली आणि म्हणालात, "घे. आता मिस्त्री झाला तू." मी त्याआधी कधी खाल्ला नव्हता. डोकं गरगरलं, टायरवर बसून राहिलो, पण छाती अशी फुगली होती की काय सांगू. मला आजवर कोणी इतक्या मानाने काही दिलेलं नाही. यात तुम्हाला दोष देत नाही. तुमच्याजवळ जे सगळ्यात आवडीचं होतं, त्यातलं अर्धं दिलंत.

मग तो दिवस. टेबलावर पाच एचपीची मोटर चालू आहे, बाहेर चार-पाच गिऱ्हाइकं बसलेली. तुम्ही चंबू करता आणि शिट्टी येत नाही. नुसती हवा. तुम्ही ओठ पुसता, पुन्हा करता. पुन्हा हवा. बाहेरचा एकजण मान वर करतो. मी मागे उभा आहे. मला काही सुचत नाही आणि मी ग्राइंडर सुरू करतो. चाकावर धरायला हातात काही नाही, तरी सुरू करतो, म्हणजे त्यांना ऐकू जाऊ नये. तुम्ही मोटर बंद केलीत, शेतकऱ्याला म्हणालात, "घेऊन जा, चांगली झाली." त्यानंतर तुम्ही कधी शिट्टी दिली नाही आणि मीही कधी विचारलं नाही. पोळी दुधात कुस्करून खाताना पाहिलं तेव्हाही नाही. तुमच्या बायकोने शेवटी बळजबरीने दवाखान्यात नेलं तोवर नुसतं पाणी जात होतं, आणि तिथून तुम्ही परत आलाच नाहीत. मला वाटत राहिलं की मी तुमचा मान राखला.

काल घरी कोणाला सांगितलं नाही. बायकोने दात पाहिले, म्हणाली, "आता दिसले जावयाचे सासरे." रात्रभर जीभ तिथेच जात होती. सकाळपासून किती वेळा बोटं घालून पाहिली असतील! दोनच जातात. आज माझं दुकान उघडलं, मोटर टेबलावर घेतली, छान चालली. माझे ओठ आपोआप चंबू झाले. तुमची सवय, माझीच झालेली. शेवटची शिट्टी कधी दिली होती ते आठवेना. मी फुंकलं. हवा. ओठ पुसले, पुन्हा फुंकलं. पुन्हा हवा.

आणि मागून ग्राइंडर सुरू झाला.

माझ्याकडचा सगळ्यात जुना मिस्त्री आहे तो. त्यालाही पहिली मोटर जमली तेव्हा अर्धा खर्रा मीच दिला होता, तसाच, पाठीवर थाप मारून. ग्राइंडरवर लोखंड धरलं की आवाज खरखरीत येतो. हा साफ येत होता. चाकावर काही नव्हतं. मी मागे वळून पाहिलं नाही, मोटर बंद केली आणि गिऱ्हाइकाला म्हणालो, "घेऊन जा, चांगली झाली." हे शब्द तोंडातून निघाले तेव्हा समजलं की तुम्हालाही तेव्हा समजलं होतं. हे कान तुम्हीच तयार केलेले. रिकामा ग्राइंडर तुम्हाला ओळखू आला नसेल कसा? इतकी वर्षं मी समजत होतो की मी तुमच्यापासून लपवलं. एकाच दुकानात, हातभर अंतरावर, दोघांनाही ऐकू येत होतं. त्या पोरीने मात्र आपलं मशीन बंद केलं आणि तोंडावर सांगितलं. म्हणून राग आला.

उद्या अकरा वाजता जायचं आहे. घरी सांगितलंय की आर्वीकडे एक पंप पाहायला चाललो. जाईनच. बहुतेक जाईनच. मागे जाऊन त्या मिस्त्रीला म्हणायला पाहिजे होतं की बंद कर बे ते, ऐकू दे. त्याला जवळ बसवून त्याची तीन बोटं पाहायला पाहिजे होती. तसं मी केलं नाही. खरं सांगू उस्ताद, तो ग्राइंडर सुरू झाला तेव्हा मला बरं वाटलं. आणखी थोडा वेळ चालू राहू दे, असंच वाटत होतं.