पटाशीची रिकामी जागा

४ मार्च, सकाळ.
स्टडी टूरहून परतलो. कारखान्यात पाऊल टाकताच एकेकाची तब्येत विचारली. मेस्त्रींची कंबर? बरी. पॉलिशवाल्याचा खोकला? गेला. घरी हिचे गुडघे? चालताहेत. दारातल्या कुत्र्याच्या पंजाची जखमसुद्धा भरलेली. मालक दोन आठवडे नाही आणि सगळे ठणठणीत. कुठेतरी पाणी मुरतंय.

५ मार्च.
टूरचं सार. तिकडच्या सुतारशाळेत हत्यारांना कुलूप नाही. कपाटच नाही. सगळं भिंतीवर टांगलेलं, प्रत्येकाच्या मागे रंगाने काढलेला त्याचा आकार. हवं त्याने न्यावं, संध्याकाळी जागेवर लावावं. तिथल्या मास्तरला विचारलं, चोरी होत नाही? दुभाष्याने दोन-तीनदा सांगूनही त्याला प्रश्न कळेना. ही खरी संस्कृती. निश्चय: सोमवारपासून आपल्याकडेही विश्वास सुरू.

८ मार्च.
आकार मी स्वतः रंगवले. वडिलांच्या कोरकामाच्या पटाशीचा तर न बघताच काढला, हाताला पाठ आहे. हत्यारांच्या कपाटाचं कुलूप सर्वांदेखत काढून छोटंसं भाषण केलं. मेस्त्री म्हणाले, दादा, किल्ली वीस वर्षं माझ्याच कमरेला आहे, विश्वास आणखी कुठे वाढवणार? माणूस सोन्यासारखा, पण नव्याची धास्ती.
विश्वास ठेवायला सोपं जावं म्हणून माझं टेबल भिंतीसमोर सरकवलं.

९ मार्च, दुपार.
एक आकार रिकामा. नेमकी वडिलांची पटाशी, शिसवी मुठीची. मी कुणावर संशय घेत नाही. पॉलिशवाला आज शीळ घालत होता, एवढीच नोंद.

१० मार्च.
पॉलिशवाल्याच्या डब्यात डोकावलो. जेवणच निघालं. मुद्दाम ठेवलेलं दिसतंय.
ही म्हणाली, अहो, तिकडच्यांना दाखवायला पटाशी नेली होतीत ना? म्हटलं, नेली तशी आणलीही. येताना बॅग मी भरली. तू भरली असतीस तर शंकेला जागा होती.

१२ मार्च.
नवा नियम: घरी जाताना पिशव्या दाखवायच्या. विश्वास टिकवायचा तर शिस्त हवी. पॉलिशवाल्याने पिशवी उलटी करून झटकली. मेस्त्रींनी पिशवी टेबलावर ठेवली, कमरेची किल्ली सोडून तिच्यावर ठेवली. म्हणाले, दादा, तिकडची भिंत बघून आलात, माणसं बघायची राहिली. आणि चालू लागले. चोराच्या मनात चांदणं.

१५ मार्च.
मेस्त्री येत नाहीत. काही अडत नाही. त्यांच्या हातचं गिऱ्हाइकाचं अर्धवट कपाट मी पुरं केलं. दार लागत नाही. हवा दमट आहे.

१९ मार्च, संध्याकाळ.
मास्तरने फोनवर फोटो पाठवलाय. त्यांची भिंत. टोकाच्या खिळ्याला शिसवी मूठ, मागे ताज्या रंगातला आकार. शेवटच्या दिवशी सगळ्यांबरोबर मीही हत्यार टांगून निघालो म्हणे. तुम्ही न्यायला याल तोवर कुणी हात लावणार नाही, असंही कळवलंय.
हिने कपबशी जरा जोरात ठेवली.
मेस्त्री फोन उचलत नाहीत. पॉलिशवाल्याच्या हाती चिठ्ठी देतोय, ती अशी:
मेस्त्री, कंबर कशी आहे? वहिनींच्या डोळ्याचं काय झालं? नातू चालायला लागला का? इकडे कपाटाचं दार लागत नाही. पटाशी सापडली. कुठे, ते समोर बसून सांगेन. तुमची किल्ली भिंतीला टांगली आहे, मागे तिचा आकारही रंगवलाय. येताय ना, ते लवकर लिहून कळवा. पाकीट मात्र नीट चिकटवा, पॉलिशवाल्याचा काही नेम नाही.