तपकिरी सूट, हिरवे टाके

६ एप्रिल १९४७, ईस्टर

गेली माझी कपड्यांच्या रेशनची कूपनं! व्हिटसनच्या सणाला नवा कोट घ्यायचा म्हणून वर्षभर जपली. साधे मोजे घेतले नाहीत, रफू करकरून घातले. आणि माझ्या नवऱ्यानं, क्लिफर्डनं, काल त्यांवर काय आणलं? खरखरीत जाकीट आणि कॉर्डरॉयची पँट! आत युटिलिटीचा, म्हणजे स्वस्त सरकारी कपड्यांचा शिक्का — दिसायला चीजचे दोन तुकडे. दिवसभर फॅक्टरीत त्याच शिक्क्याच्या पँटी शिवते मी. आता घरातही तोच.

म्हटलं, पलटणीतून सुटताना सरकारनं सूट दिलाय ना? त्याचं काय लोणचं घालायचंय?

म्हणे, "टोचतो. सहा वर्षं गणवेश घातला, आयव्ही. आता गळ्याशी बटण नको वाटतं."

चॅपलमध्ये प्रार्थनेला तसाच आला. टायशिवाय!

१३ एप्रिल

आमच्या गल्लीत पुरुष रविवारी बिनसुटाचा दिसला की सगळ्यांना कळतं सूट कुठे आहे ते. सोमवारी गहाण टाकायचा, शनिवारी सोडवायचा — अर्ध्या गल्लीचं हेच चाललंय. पण आमच्या घरात कधीच नाही! आईनं उपास काढले, बाबांचा सूट त्या दुकानाची पायरी चढला नाही.

आज समोरची ऑक्रॉइडबाई दारातच उभी. "काय गं आयव्ही, काल सोडवायला विसरलात वाटतं?" आणि वर हसली. जीभ आहे की कात्री! घरी येऊन बशी आपटली मी. फुटली.

२० एप्रिल

मावशी सांगून गेली, वॉल्टर लीड्सला परत आलाय. माझ्यासमोर त्याचं नाव नको म्हटलं. एक भाऊ डंकर्कच्या लढाईत मेला. फ्रँक माझा. आणि हा धाकटा म्हणतो, मी बंदूक धरणार नाही! तुरुंगात गेला, आणि इकडे लोक मला पाहून रस्ता बदलायचे. त्याला दार बंद म्हणजे बंद.

क्लिफर्ड म्हणाला, "कुणी नोकरी देत नाही त्याला." म्हटलं, बरं झालं!

२ मे

सुटाला ब्रश करावा, निदान व्हिटसनला तरी घालेल, म्हणून कपाट उघडलं. हँगर रिकामा!

विचारलं. पुन्हा विचारलं. खाली मान घालून म्हणाला, "टाकला गहाण."

म्हणजे ऑक्रॉइडबाई खरी ठरली. हिवाळ्यात त्या सुटाचा खिसा फाटला होता. तपकिरी दोरा कुठेच मिळेना, मग हिरव्यानं शिवला मी. माझ्या हातचे टाके आता त्या दुकानात. रडले खूप.

१० मे

डोक्याला रुमाल बांधून गहाणवाल्याकडे गेले. तो म्हणतो, "तुमच्याकडचा सूट? आलाच नाही बाई कधी."

म्हणजे तेही खोटं! विकला? की कुणा बाईच्या घरी राहिला? घरी येऊन जाब विचारला. म्हणाला, "नको विचारू, आयव्ही. तुला सहन व्हायचं नाही."

मग बाईच. दुसरं काय असणार!

११ मे

बोलत नाही त्याच्याशी. बटाटे कच्चेच वाढले. खाल्ले त्यानं.

२४ मे, शनिवार

उद्या व्हिटसन. गल्लीतली पोरं नव्या कपड्यांत घरोघर फिरतील आणि लोक त्यांच्या खिशात पेनी टाकतील. नव्या कपड्याचा खिसा रिकामा राहू नये म्हणतात. लहानपणी वॉल्टरच्या खिशात पहिली पेनी नेहमी मीच टाकायची. खिशावर हात दाबून दिवसभर हिंडायचा वेडा. नको ते आठवतं.

मी मात्र जुन्याच कोटात. क्लिफर्डला सांगून टाकलं — सूट घालून ये, नाहीतर चॅपलच्या मिरवणुकीत माझ्या शेजारी चालू नकोस. आणि परवा मी मावशीकडे जाते, कायमची. "बरं," म्हणाला. एवढंच! आता बोलायचं काय राहिलं?

२५ मे, व्हिटसन

मिरवणूक वळणावर आली आणि समोरच्या फुटपाथवर वॉल्टर दिसला. टोपी हातात. केवढा वाळलाय! अंगावर तपकिरी सूट, ढगळ. खिशावर हिरवे टाके.

वळून पाहिलं. मागून क्लिफर्ड येत होता, त्याच जाकिटात. जवळ आला, हळू म्हणाला, "सूट शिपायालाच मिळतो, आयव्ही. त्याला कोण देणार होतं? हा घालून गेला, लागली बघ नोकरी."

ऑक्रॉइडबाई बघत होती. बघू दे! माफ केलंय असं नाही, फ्रँक काही परत येत नाही. पण रांग सोडून रस्ता ओलांडला, पर्समध्ये पेनी सापडली, ती वॉल्टरच्या खिशात टाकली.

त्यानं खिशावर हात दाबला.