सातवं प्रकरण

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुझं पत्र परवा मिळालं. आईचा गुडघा आता बरा आहे, जिना एका दमात चढते. मीही ठीक. या आठवड्यात अकरा लिफ्ट तपासल्या, दोन बंद करायला लावल्या.

परीक्षेची नऊ जाडजूड पुस्तकं महिन्याभरात कशी संपवायची, असं विचारलंस. माझी पद्धत सोपी आहे. आधी अनुक्रमणिका, मग शेवटचं प्रकरण. आपल्याला नेमकं काय हवंय ते कागदावर लिहायचं, मागच्या सूचीत ते शब्द शोधायचे आणि तेवढीच पानं वाचायची. बाकीचं सोडून द्यायचं. चारशे पानं दोन तासांत होतात.

बाबांना हे पटायचं नाही. ते ओळीखाली बोट ठेवून वाचत. स्वतःचा आजार कळल्यावर त्यांनीच त्यावरचं पुस्तक आणलं, तीन आठवडे वाचलं आणि माझ्या हातात दिलं. मी दुसऱ्या दिवशी परत केलं.

"झालंसुद्धा? फुटपट्टे, वाचलंस की तपासलंस?"

"वाचलं. औषधांचा तक्ता करून फ्रिजवर लावलाय."

"आणि सातवं प्रकरण?"

"चांगलं आहे."

"बरं," ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. पुन्हा विषय काढला नाही.

त्यानंतर ते एकेचाळीस दिवस होते. मी रोज तीनदा त्यांच्या खोलीत जायचे, गोळ्या द्यायला. एकही चुकली नाही.

दोन रविवारांपूर्वी कपाट आवरताना ते पुस्तक निघालं. सातवं प्रकरण घरच्यांशी बोलण्याबद्दल आहे. माझ्या यादीत त्यातलं काहीच नव्हतं, म्हणून मी ते उघडलंच नव्हतं. समासात पेन्सिलीने लिहिलंय : 'फुटपट्टे, इथवर आलीस की माझ्याजवळ येऊन बस. मला फार भीती वाटते. तोंडाने सांगणं जमत नाही.'

बाबा शेवटी काही म्हणाले का, असं तू दोनदा विचारलंस. मी दोन्ही वेळा 'नाही' लिहिलं. ते चूक आहे.

पुस्तक तुला पाठवेन, पण इतक्यात नाही. मी ते पहिल्या पानापासून वाचतेय, ओळीखाली बोट ठेवून. सहावं प्रकरण संपलंय. चार दिवस झाले, पुढचं पान उलटलेलं नाही.

आईला यातलं काही लिहू नकोस. मला मात्र लिही, सावकाश.

तुझी,
फुटपट्टी