रिव्हॉल्व्हरला नेलपॉलिश

आई, तुझी कुकरच्या मुठीची युक्ती आज मी रिव्हॉल्व्हरला वापरली. घाबरू नकोस, नाटकातलं आहे, साध्या टिकल्यासुद्धा वाजत नाहीत त्यात. गोळीचा आवाज विंगेत फळी आपटून काढतात. इथे आखातात आपल्या मराठी मंडळाचं रहस्यनाटक उद्या आहे आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी नवऱ्याला गोळी घालते ती मी. मी! इतकी वर्षं तालमींना चहा आणि साबुदाणा वडे पुरवणारी बाई! हॉस्पिटलच्या लॅबमधून आज चक्क सुट्टी घेतलीय. नेलपॉलिश वाळेपर्यंत हात लावायचा नाही, म्हणून टेबलाशी बसून तुला लिहितेय.

झालं काय, काल अबू हलीफा भागात दिग्दर्शकांच्या घरी शेवटची तालीम होती. मी रिव्हॉल्व्हर रोखलं, आवाज चढवला, आणि नळी गळून पडली ती थेट सोफ्याखाली. सगळे असे हसले की माझा नाटकातला नवरा मरायच्या आधीच आडवा झाला. दिग्दर्शक रत्नागिरीकडचे, शांत गृहस्थ. म्हणाले, "वहिनी, टेन्शन नका घेऊ. किचनमधली सुरी घेऊया." त्यांचंही बरोबर होतं. मंडळातल्या एकांनी पत्र्याचं आणि पाइपच्या तुकड्याचं हे बनवून दिलं आणि ते कधीच भारतात परत गेले. दुकानांत मिळतात ती दिवे लागणारी, गाणी म्हणणारी, प्लास्टिकची. आणि असली वस्तू बॅगेत घालून विमानतळावर उतरायला कोण धजणार? पण मी म्हटलं, "सुरीने मी रोज कांदा चिरते. मला रिव्हॉल्व्हरच हवं. मी घरी दुरुस्त करते." इतकं ठणकावून मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते.

सबाह अल-सालेम भागातल्या आमच्या घरी आल्यावर पाहिलं, तर नळी धरणाऱ्या स्क्रूचे आटे झिजलेले. कितीही पिळा, नुसता फिरतोय. आणि एकदम तू दिसलीस. ओट्याशी उभी आहेस, कुकरची मूठ सुटलीय, दातात शिवणाचा दोरा. तो स्क्रूला गुंडाळतेस, घट्ट पिळून बसवतेस आणि वर नेलपॉलिशचा थेंब सोडतेस. त्या लाल बाटलीला आपल्या घरी दुसरं कामच नव्हतं. मी एकदा करंगळीला लावलं तर केवढी कडाडलीस, "ती कुकरची आहे! नखं रंगवायला नाही आणली!" आज मी तुझ्या नातीची बाटली पळवली. "ममा, दॅट्स माय फेव्हरेट शेड!" म्हणून ती अजून फुरंगटून बसलीय. पहिल्यांदा दोरा जास्त झाला, स्क्रू आत जाईना. सगळं उलगडून परत बसवलं. हात नुसते शिवशिवत होते.

कॉलेजच्या गॅदरिंगला मला नाटकात घेतलं होतं, आठवतं? तू पोळी लाटत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "चारचौघांपुढे उभं राहून ओरडायचं काही कारण नाही." विषय संपला. मी रुसलेही नाही. पुढे इथे आल्यावर मंडळाने दोनदा विचारलं, तेव्हा तुला फोनवर सांगायच्या आधीच मी नाही म्हणून मोकळी झाले.

आत्ता उठून पाहिलं, वाळलंय. नळी हलवली, झटकली, जोरात हिसडून पाहिली. जागची हलली नाही, आई! मी अशी ओरडले की लेक रुसवा विसरून धावत आली. मला इतका आनंद झालाय की काय करू कळत नाही, आणि तो सगळ्यांत आधी तुलाच सांगावासा वाटला. पण खरं सांगू? तू असतीस तर नाटकातलं हे काम मी घेतलं नसतं. आणि हे तुला पोचणार असतं, तर लिहिलंही नसतं.