डावा हात खिशात

तीर्थरूप मामा,

सप्तांग नमस्कार. (साष्टांगच घालायचा होता, पण आठवं अंग म्हणजे डावा हात, आणि तो खिशात आहे. शिकवण तुमचीच, तेव्हा राग मानायची सोय नाही.)

पत्राला उशीर झाला. गेले काही दिवस तुम्हांला ऊठसूट उचक्या लागत असतील तर पाणी पिऊन उपयोग नाही, त्या माझ्यामुळे लागताहेत. गुडघे कसे आहेत? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेता, की डबीत तशीच ठेवून "घेतली" म्हणता? (औषधांच्या दुकानात नोकरी करून मी एवढं तरी शिकलोय, की "घेतली" म्हणणाऱ्याची डबी हलवून बघावी.) मामींचा चष्मा सापडला का? मागच्या वेळी तो त्यांच्याच डोक्यावर होता, तेव्हा शोधाशोध तिथून सुरू करावी. ताईला म्हणावं, आईवडिलांना आपल्या घरी नेलंस ते फार छान केलंस, पण आम्हांला इकडे पोरकं केलंस त्याचं काय?

तुमची पेटी पोचली. दोन हमालांनी ती वर आणली. जिन्याच्या पहिल्याच वळणावर एकाने विचारलं, आत दगड भरलेत का? मी अभिमानाने सांगितलं, जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचं सामान आहे. तो जोडीदाराकडे बघून म्हणाला, "त्यापेक्षा दगड परवडले." त्याचंही खरं आहे. तुमचे ट्रान्सफॉर्मर म्हणजे आपल्या घरातली थोरली माणसं, एकदा बसले की जागचे हलत नाहीत. झाकण उघडलं तर सगळ्यात वर तुमची चिठ्ठी. "उजवा हात फार थरथरतो. परवा सोल्डरचा थेंब तारेवर पडायच्या ऐवजी चहात पडला. आता हे सगळं तुझं. परत पाठवू नकोस." वाचून मी झाकण लावलं आणि पेटीवरच बसून राहिलो. बायकोने विचारलं, बरं नाही का? म्हटलं, जिना चढून दम लागलाय. (पेटी हमालांनी चढवली होती, मी मागून नुसतं "सांभाळून, सांभाळून" करत होतो. पण तिने ते बोलून दाखवलं नाही. अशा वेळी ती फार समजूतदारपणे वागते, आणि त्याची भरपाई दुसऱ्या दिवशी करते.)

मामा, तुमचे आभार कसे मानावेत ते कळत नाही, म्हणून सरळच मानतो. माणूस घर देतो, भांडी देतो, पण स्वतःचे व्हॉल्व्ह कोणी देत नाही. तेही एकेक व्हॉल्व्ह मामींनी विणलेल्या, बाळाच्या लोकरी पायमोज्यात! (मोजे ताईचे असणार. तिचे पाय तेव्हा एवढेसे होते यावर आता विश्वास बसत नाही, हे तिला सांगू नका.) तुमच्या भाचेसुनेने एक मोजा हळूच उलगडला, आतली काचेची बाटली उजेडात धरली, तिच्यातल्या जाळ्या आणि खालच्या पिना पाहिल्या आणि विचारलं, यातून गाणं येतं होय? म्हटलं, गाणं स्पीकरमधून येतं, यात ते मोठं होतं. आधी तार तापून लाल व्हावी लागते, मग जरा वेळाने आवाज. ती म्हणाली, म्हणजे बाळच की, आधी तापणार, मग रडणार आणि मोठं व्हायला आपला वेळ घेणार. तेव्हापासून माझ्या टेबलाला घरात पाळणाघर म्हणतात. मोजे तिने धुऊन ठेवलेत. मामींनी कधीही येऊन घेऊन जावेत.

पेटीच्या तळाशी तो निघाला. तुमचा अर्धवट ॲम्प्लिफायर. मला वाटलं होतं तो तुम्ही केव्हाच पुरा केला असेल. चासीला, म्हणजे खालच्या पत्र्याच्या सांगाड्याला, भोकं पाडलेली, ट्रान्सफॉर्मर बसवलेले, अर्ध्या तारा ओढून झालेल्या आणि उरलेल्या अर्ध्या जागी नुसती पेन्सिलची खूण. तुम्ही नेमके कुठल्या तारेपाशी थांबलात ते बघताक्षणी कळतं, कारण तिच्या आधीचे सोल्डरचे सगळे डाग मोत्यासारखे गोल आहेत आणि तिच्यावरचा पसरलेला आहे. मी तो काढून पुन्हा दिलेला नाही. बाकीचं काम मात्र मी हातात घेतलं. आता आतून बघितलं तर तुमच्या बाजूच्या तारा प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पोरांसारख्या ओळीत आहेत आणि माझ्या बाजूच्या मधल्या सुट्टीत सुटलेल्या.

तुमचा नियम मात्र कसोशीने पाळला. कॉलेजात गटांगळी खाऊन तुमच्याकडे राहायला आलो होतो ते आठवतं ना? आईने मला वळण लावायला पाठवलं होतं. (पहिल्याच आठवड्यात घरातले इतके फ्यूज उडवले की माझं नावच फ्यूज पडलं. बारशाचं नाव आता फक्त सरकारला माहीत आहे.) तुम्ही वळण लावलंत ते एवढंच, की यंत्र चालू असताना डावा हात खिशात. जे काय मोजायचं ते उजव्या हाताने. दोन्ही हात आत घातले तर वीज एका हातातून शिरते, छातीतून जाते, दुसऱ्या हातातून निघते आणि जाताना माणसालाही घेऊन जाते. मी म्हणालो, पायजम्याला खिसा नाही. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, असू दे, पाठीमागे धर. तुम्ही बटण बंद केलंत, मामींना हाक मारलीत आणि आधी खिसा शिवून घेतलात. मी टॉवेल गुंडाळून तुमच्याबरोबर चहा पीत बसलो. मामा, नापास झालेल्या पोरासाठी काम थांबवून बसणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. वळण लागायचं ते त्या चहाच्या कपाएवढ्या वेळात लागलं.

सवय मात्र अशी जडली की जाता जात नाही. तुम्हीच बघा ना, तुमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा डावा हात खिशात आहे. मामी सांगतात, त्यांच्या माहेरी पुष्कळ दिवस कुजबुज होती, की मुलगा गुणी आहे, पण त्याला दुसरा हात आहे ना? शेवटी कोणाच्या तरी गाण्याला तुम्ही टाळ्या वाजवल्यात तेव्हा मंडळींचा जीव भांड्यात पडला. माझंही तेच. दुकानात काही उंचावरचं काढायचं म्हटलं की उजवा हात वर जातो आणि डावा आपला आपण खिशात.

आता जे घडलं ते ऐका, आणि शक्यतो बसून ऐका. तुमच्या ॲम्प्लिफायरवरचा मोठा कंडेन्सर (मामींसाठी खुलासा: वीज साठवून ठेवणारा डबा) फार जुना. बदलायचा तर सामानाच्या दुकानात नमुना दाखवायला हवा. पण जुनी वस्तू आधी पारखून बघावी, उगाच टाकू नये, हीसुद्धा तुमचीच शिकवण. म्हणून सकाळी तो सोडवून घेतला आणि वीज धरून ठेवतो का बघायला त्यात वीज भरली. आता थोडं थांबून मीटर लावणार, इतक्यात आतून हाक आली, की दुकान आज मालकांनी उघडायचं का? मी घाईघाईने कंडेन्सर त्याच्या वेष्टनाला धरून उचलला आणि नमुना म्हणून टाकला खिशात. कुठल्या खिशात ते तुम्हांला सांगायला नको.

दुपारी काउंटरवर एक निवृत्त हेडमास्तर आले. सकाळपासून उचकी थांबत नव्हती. बिचारे पाणी पिऊन, श्वास कोंडून, नाक दाबून दमले होते. मालक शेजारीच हिशेब बघत होते. मी म्हटलं, सर, देतो औषध, आणि वरच्या फळीवरची बाटली काढायला उजवा हात वर नेला. डावा आपल्या जागी गेला.

मामा, कंडेन्सर चांगला आहे. वीज धरून ठेवतो.

मी जी आरोळी ठोकली ती म्हणे चौकापर्यंत गेली. बाटली एकीकडे, मी एकीकडे, मालकांचा चष्मा तिसरीकडे. हेडमास्तर भिंतीला चिकटले होते. मग दुकानात जी शांतता पसरली तिच्यात हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं, की उचकी थांबली आहे. हेडमास्तरांनी खात्री करून घ्यायला दोन-तीन श्वास घेतले आणि अत्यंत आदराने विचारलं, "हे औषध कोणतं म्हणायचं?" मालकांनी मला घालवून द्यायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. आता उचकीचा माणूस आला की तो थेट मलाच विचारतो, आणि मालक मला बाजूला घेऊन म्हणतात, तो डबा रोज आणता येईल का रे?

हसा, हसा. पण एक सांगतो. झटका अंगठ्यातून शिरला आणि मधल्या बोटातून निघून गेला, छातीकडे फिरकलासुद्धा नाही. दुसऱ्या हाताला बाटलीखेरीज काही लागलेलं नव्हतं. तुमचा नियम मी इतक्या मूर्खपणाने पाळला, तरी त्याने मला सांभाळलं. बोटं दोन दिवस सुजली होती, आता उतार आहे. नवा कंडेन्सर आणून बसवला. (जुना कपाटात आहे. त्याच्यावर बायकोने "चावतो" असं लिहून ठेवलंय.)

तर आता ॲम्प्लिफायर पुरा झाला आहे. व्हॉल्व्ह तापले की खोलीत असा मंद तांबूस उजेड पडतो की भांडणसुद्धा हळू आवाजात करावंसं वाटतं. बायको त्याच्या उबेला रुमाल वाळवते. आवाजाबद्दल मी काय लिहू? असा गोड, असा भरलेला, की शेजारचे लोक खिडक्या उघडून बसतात. तुम्ही अजिबात काळजी करू नये. एवढ्या लांबून, गुडघे सांभाळत, दगदग करत यायची काही एक गरज नाही. सगळं झक्क चाललं आहे, आणि ते तुमच्यामुळे चाललं आहे, एवढं कळवावं म्हणून हा पत्रप्रपंच.

मामींना नमस्कार, ताईला अर्धा आशीर्वाद. (ती मोठी आहे, पण वरचे मोजे बघितल्यापासून मला ती लहान वाटते.)

तुमचा,
फ्यूज

ता. क. आवाज गोड आहे, पण त्याच्या मागे किंचित "घूं" असं येतं. काळजीचं कारण नाही.

आणखी ता. क. किंचित म्हणजे, गाणं लावलं नाही तर फक्त "घूं" ऐकू येतं. लावलं तरी तेच ऐकू येतं. पण "घूं" अतिशय स्वच्छ आहे.

मामा, मामी, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून मी चार ओळी घालते. शेजाऱ्यांनी खिडक्या उघडल्या नाहीत, बंद केल्या. या यंत्रातून अजून एक सूर निघालेला नाही. पण खरी गोष्ट वेगळीच आहे. दोष कुठे आहे ते यांना केव्हाच सापडलंय. मोठ्या ट्रान्सफॉर्मरजवळची अर्थिंगची तार नुसती अडकवून ठेवली आहे, डाग दिलेला नाही. त्या जागी खडूने गोल केलाय आणि मला तिथलं साधं फडकंही मारू देत नाहीत. मी विचारलं, एक थेंब टाकला की वाजेल ना? मग टाका की. तर म्हणाले, तो डाग मामांचा आहे. रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसून "घूं" ऐकतात. मामा, तुम्ही या. मला खरंच आता एखादं गाणं ऐकायचंय.

शेवटचा ता. क. पाकिटाचं वजन बघायला म्हणून ते पुन्हा माझ्या हातात आलं आणि वरचा मजकूर वाचला. खोडणार होतो, पण तिने पेन लपवलं. (हे पेन्सिलने लिहितोय.) आता फुटलंच आहे तर बोलतो. उजवा हात थरथरतो हे मला माहीत आहे, मामा. पण तुमचा डावा हात उभ्या आयुष्यात खिशातच होता. तो अजून कोरा आहे, कोणी वापरलेलाच नाही. तो घेऊन या. सोल्डरची तार त्या हातात धरा, तापलेलं टोक मी माझ्या उजव्याने धरतो. बटण बंद असताना खिशाची गरज नसते हे मलाही कळतं, तरी तुमचा उजवा तुमच्या खिशात राहू दे आणि माझा डावा माझ्या. बाकी दोन हात उरतात. डाग द्यायला तेवढेच लागतात.

पायजमा आणू नका. खिसा शिवून इथे तयार ठेवला आहे.