सॉरी म्हणायचं नाही

६ जानेवारी
आमच्या मित्राचं, उस्मानचं अपेंडिक्स फुटलं! परवाच शौनकने त्याला तपासून ‘गॅसेस आहेत’ म्हणून घरी पाठवलं होतं. आता दुसऱ्या हॉस्पिटलच्या आयसीयूत आहे. शौनक जेवला नाही. “जाऊन येतो. सबीहाला सॉरी म्हणतो.”

उस्मानच्या बायकोला सॉरी? मी दारात उभी राहिले. अक्षरशः. सॉरी म्हणजे कबुली, आणि कबुली उद्या आपल्याच अंगावर येते. एमबीबीएसनंतर एलएलबी काय हौस म्हणून केलं मी? नवऱ्याचं लायसन्स गेलं तर दोहातून गाशाच गुंडाळायचा.

१० जानेवारी
अभ्यास. डॉक्टर असून वकीलही असलेल्यांसाठीचं बोर्ड सर्टिफिकेशन. आजवर सगळ्यांनी विचारून जीव खाल्लाय — नमिता, तू नक्की डॉक्टर की वकील? दोन्ही! एकदा बोर्डाचा शिक्का बसू दे.

सबीहाचे दोन फोन आले. शौनकला उचलू दिले नाहीत.

१३ जानेवारी
आमची ओवी आणि सबीहाची लेक एकाच वर्गात. आज ओवी म्हणाली, “व्हाय कान्ट वी सी उस्मान अंकल?” म्हटलं, माझी परीक्षा आहे. “बट बाबाची नाहीये.” ऐनवेळी बरं मराठी सुचतं हिला.

१७ जानेवारी
शौनक अल अझीझियाला जाऊन आला. सबीहाच्या बिल्डिंगखाली गाडीत बसून राहिला, वर गेला नाही. माझ्या शब्दाखातर. आधी राग आला, मग रडू. कुठलंच त्याला दाखवलं नाही.

२० जानेवारी
उस्मान घरी आला. सुटलो.

२३ जानेवारी
कसले सुटलो! शौनकविरुद्ध तक्रार आलीय. चौकशी संपेपर्यंत पेशंट तपासायचे नाहीत. वीस वर्षांत पहिल्यांदाच हा माणूस सोमवारी सकाळी घरात.

मी म्हटलं, बघ, सॉरी म्हणाला असतास तर तेच आज पुरावा म्हणून समोर आलं असतं. माझंच बरोबर ठरलं याचा आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला.

२ फेब्रुवारी
पेपर चांगला गेला. चुकीच्या उपचारांवरचे सगळे प्रश्न तोंडपाठ होते. घरात तेच तर चाललंय.

१९ फेब्रुवारी
पास! शौनकने स्वतः शिरा केला. साखर जास्त. “आता माझी वकील सर्टिफाइड,” म्हणाला. चौकशीचं अजून काही कळत नाही. रात्रभर कूस बदलत असतो.

२१ फेब्रुवारी
सुपरमार्केटात सबीहा समोर. मी ट्रॉली वळवली, तर तिने हात धरला.

“हे रोज विचारायचे, डॉक्टर आले काय? मानूस चुकतो, भाभी. एकदा येऊन बसले असते, तर आम्ही कंप्लेंट कशाला केली असती?”

घरी आले. शौनकने पिशव्या हातातून घेतल्या. “कुणी भेटलं का?”

म्हटलं, नाही.