बाहेरकाठ्यावरच्या उड्या

रविवार, २ फेब्रुवारी १९९७

परत जाम! सकाळी दहा मिनिटं सुरेख फिरली आणि स्टँडमागच्या मैदानात किंचाळून जागच्या जागी थांबली. मागची दोन्ही चाकं घासत गेली. सिलिंडरजवळ हात नेला तर चटकाच बसला. महादेवराव वकील पानपट्टीपाशी उभे राहून सगळं बघत होते. त्यांनी नुसता चष्मा पुसला. मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं.

गाडी त्यांच्या मुलाची, श्रेयसची. चार जाड्या चाकांची रेसिंगची फटफटी, वर बाईकसारखं हॅण्डल, मधे टू-स्ट्रोक इंजिन. श्रेयसच्या मामाने दुबईहून भाग सुटे करून पेट्यांतून पाठवली. मुंबईत एकाने जोडली ती अशी जोडली की मी महिनाभर नुसती सोडवतोय. आख्ख्या पेणमध्ये असली दुसरी नाही. पोरं तिला बेडूक म्हणतात.

१६ मार्चला पुण्यात मातीच्या ट्रॅकवर शर्यत आहे. तिथे गाडी नीट पळाली तर वकीलसाहेब त्यांचा रोहा नाक्यावरचा गाळा मला गॅरेजला देणार. नाही पळाली तर आहेच हे ताडपत्रीचं छप्पर.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मिळाला चोर! पिस्टनचे ओरखडे पॉलिश पेपरने घासून इंजिन परत जुळवलं, मंद चालू ठेवलं आणि सिलिंडरच्या बुडाशी जोडावर ग्रीस फासत गेलो. एका कोपऱ्यात ग्रीस लागताच आवाज झपकन खाली आला. पॅकिंग चिरलेलं! तिथून इंजिन हवा खात होतं. हवा जास्त, ऑईल-पेट्रोल कमी, मग पोळणारच. प्लगचं तोंड पांढरंफटक होतं तेव्हाच कळायला हवं होतं.

नवं पॅकिंग कापून बसवलं. आता प्लग तपकिरी येतोय. तरी रात्री जेवताना वाटत होतं, दुसरीकडूनही खात असेल तर?

बायको, नमिता, म्हणाली, "तुमचं गॅरेज नाय, काळजीचं दुकान हाय. उधारीवर पन देता."

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

प्लग तपकिरी. प्लग तपकिरी. चार वेळा काढून पाहिला.

रविवार, ९ फेब्रुवारी

इंजिन झालं, आता उड्या. श्रेयस म्हणाला, "अमोलदादा, मैदान सपाट आहे हो. पुण्यात सगळे उंचवटे असतात." मीच म्हटलं, चल आमच्या गावाला. कासूच्या पुढे खाडीकडे आमची खारी शेतं. भात कधीच निघालंय, जमीन दगडासारखी, आणि मधे गुडघ्याएवढे आतले बांध हवे तेवढे. टेम्पोतून बेडूक नेला.

पहिल्याच बांधावरून उडाला आणि धाडकन बुडावर आदळला. श्रेयसच्या कमरेत कळ गेली. मागचा शॉकअप दाबला की दाबलेलाच! वर यायचं नावच नाही. आता हे नवीन लचांड. पोरगा वीस वर्षांचा आहे, मणक्याला काही झालं तर मी कुठे तोंड दाखवू?

आमच्या बाबांनी गाडी आमच्या गोठ्यात ठेवून घेतली. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. दर येली कुटं वाहातोस." शॉकअप तेवढा सोडवून आणला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

शॉकअपच्या वरच्या डबीतला नायट्रोजन गेलेला. तो नसला की आतल्या तेलाला फेस येतो आणि फेसावर काय गाडी तोलणार? पेणमध्ये नायट्रोजन आणायचा कुठून? डोकं धरून बसलो होतो. मग आठवलं - फ्रिज दुरुस्तीवाला गोविंदा! गळती शोधायला त्याच्याकडे नायट्रोजनचं नळकांडं असतंच. माघी गणपतीच्या आरतीतून त्याला उठवून आणला. तोंडात मोदक, हातात पाइप, आणि मला म्हणतो, "अमोलशेठ, फुटली तं माझं नाव घेव नका!"

नाही फुटली. भरताना मी मात्र खांबाआड उभा होतो, हे इथेच लिहितो, कोणाला सांगणार नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

आता बसते छान, पण वर येताना उसळते. बांधावरून खाली टेकली की मागून लाथ मारते. श्रेयस एकदा हॅण्डलवरून पुढे फेकला गेला. हसत उठला! त्याला काही वाटत नाही, सगळं वाटणं माझ्याच वाट्याला आलंय.

शॉकअपच्या खाली एक स्क्रू आहे. तो एक-एक खाच आवळला की स्प्रिंग सावकाश वर येते. तिथे वेळ घालवावा लागणार.

गुरुवार, २० फेब्रुवारी

एक खाच जास्त, एक खाच कमी. पुढची स्प्रिंग थोडी घट्ट. जेवणाची शुद्ध नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

जमलं!! देवा, जमलं! आतल्या बांधावरून सुटली, हवेत सरळ राहिली आणि उतरली ती मांजरासारखी. ना धक्का, ना लाथ. श्रेयस ओरडला, "दादा, खाली आलोय ते कळलंच नाही!" आमच्या आईने, जनी तिचं नाव, ती कधी कशाला नावाजत नाही, तिनेही "बरी उडते गो" म्हटलं. मी दहा वर्षांत इतका खूश नव्हतो.

मग श्रेयसने मान वर करून बाहेरकाठा बघितला.

बाहेरकाठा म्हणजे खाडीच्या बाजूचा मोठा बांध. पलीकडे खारं पाणी, अलीकडे आमची शेतं आणि गावाचं तळं. दोन माणसं उंच. श्रेयस म्हणाला, "पुण्यात एवढाच टेकाड आहे." शेतातून तिरका चढला, माथ्यावरून उडाला, आणि पुढे वळणावर माथ्यावरच अलगद उतरला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी टाळ्या वाजवल्या. बाबा वाजवत नव्हते.

बुधवार, २६ फेब्रुवारी

बाबा पेणला आले. ते उगाच येत नाहीत. चहा घेतला, पान लावलं, आणि मग म्हणाले, "अमल्या, वळनावरचं गवत गेला. चाकानं माती सुटलीय. आमी चिखल थापलाय, पन ओला हाय त्यो."

मी म्हटलं, सांगतो त्याला.

"सांग," म्हणाले आणि साडेचारच्या गाडीने गेले. एकदा खारं पाणी शेतात आलं की तीन पावसाळे भात होत नाही, तळं तर सोडूनच द्या. हे त्यांनी सांगितलं नाही. मला ते पाळण्यातच सांगितलेलं आहे.

शनिवार, १ मार्च

सांगितलं. श्रेयस म्हणाला, "दादा, फक्त दोन-चार उड्या. तेवढा उंच सराव दुसरीकडे कुठे करू?" पोरगा वाईट नाही. त्याला बांध म्हणजे मातीचा ढीग दिसतो. त्याचं गाव रोहा, तिथे नदी गोडी.

संध्याकाळी शेजारच्या एस.टी.डी. बूथवर वकीलसाहेबांचा फोन. "शर्यत झाली की बांधाला दोन ट्रक माती मी टाकून देतो. आता मधेच त्याचा सराव मोडू नकोस. आणि हो, गाळा झाडून घेतलाय बरं का."

मी "हो साहेब" म्हटलं. हो साहेब! जीभ झडली नाही.

रविवार, २ मार्च

श्रेयसने बाहेरकाठ्यावरून सहा उड्या मारल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढाच माझा पराक्रम.

आतले बांध आता त्या गाडीला पुरेनात. मीच तिला इतकी चांगली केली. वाईट असती तर त्या माथ्याकडे बघायची हिंमत झाली नसती कोणाची.

मंगळवार, ४ मार्च

आज गावी जाऊन, गोठ्यात कोणी नसताना, मागचा स्क्रू तीन खाचा सैल केला. आता उंचावरून उतरली की पूर्वीसारखी लाथ मारेल. श्रेयस घाबरेल आणि बाहेरकाठा सोडेल. कोणाशी भांडण नको, वकीलसाहेबांना नाही म्हणायला नको, गाळाही राहील. स्वतःच्या हुशारीवर खूश होत स्टेशनपर्यंत आलो.

बुधवार, ५ मार्च

आणि नाही घाबरला तर? दोन माणसं उंचावरून हॅण्डलवरून पुढे फेकला गेला तर खाली सरळ मान मोडेल. पलीकडच्या अंगाला पडला तर खाडीत! हे काल सुचलं नाही मला? पहाटेच्या पहिल्या गाडीने पळत गेलो. तिन्ही खाचा परत आवळल्या. बाहेर आलो.

बायजाबाई समोरच्या ओट्यावर वाल सोलत होत्या. आमच्या शेताला लागून त्यांचं शेत, एवढंच काय ते त्यांचं. म्हणाल्या, "पोरा, तुजा बेडूक लय छान नाचतं. पन यो बांध नाचाया नाय बांधलेला." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मूठभर वाल माझ्या हातावर ठेवले.

शुक्रवार, ७ मार्च

महाशिवरात्र. सगळ्यांचे उपास, तरी श्रेयस आला. मी गावच्या घरीच थांबलो, म्हटलं बघायलाच नको. नको कसलं! कान तिकडेच. पाचव्या उडीनंतर आवाज थांबला. धावत गेलो. श्रेयसला काही नव्हतं, पण वळणावरचा बांधाचा खांदा ढासळून खाली आला होता. तो पांढरा पडून म्हणाला, "दादा, हे इतकं कच्चं असतं?"

कच्चं नाही रे बाबा. ते पाणी अडवायला असतं.

मग मी नाही म्हटलं. साफ. आता गाडी गोठ्यातून हलणार नाही, सोमवारी टेम्पो आण आणि थेट पुण्याला ने. तो लगेच हो म्हणाला. इतकंच करायचं होतं तर मला दहा दिवस का लागले?

संध्याकाळपर्यंत बाबा, आई, बायजाबाई आणि मी चिखल थापत होतो. उपाशीपोटी.

शनिवार, ८ मार्च

गॅरेज बंद ठेवलं. गावीच आहे. नमिताही आली, दोन घमेली घेऊन. बांधाला कान लावून बसलो तर आतून पाझरायचा आवाज येतो असं मला वाटतं. नमिता म्हणाली, तो तुमच्या पोटातला आवाज हाय, जेवा आधी.

रविवार, ९ मार्च

अमावास्या. दुपारी भरतीचं पाणी माथ्याच्या वीतभर खाली आलं. आम्ही सगळे वळणावर उभे होतो. ओल्या मातीला दोन ठिकाणी भेगा गेल्या, त्या पेंढ्याने बुजवल्या. पाणी उतरायला लागलं. वाटलं, सुटलो.

बाबांनी तंबाखू मळत खाडीकडे बघितलं. "आजचा काय नाय. अवसंचं पानी नुसता दारात येता, दुसरे दिशी घरात. उद्या मोटा उधान." पोती भरायला सांगितली. उघाडीपासून, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या झडपेपासून, वळणापर्यंत सगळी घरं पोती भरतायत. गोठ्यात बेडूक उभा आहे, पुसून चकचकीत, पेट्रोल भरून. उद्या दुपारी श्रेयस टेम्पो घेऊन येणार. मी एकदा जाऊन स्क्रूच्या खाचा मोजून आलो. माझं डोकं ठिकाणावर नाही.

सोमवार, १० मार्च

बारा वाजता वळणावर बांध फुटून खांड पडली. आधी हातभर, मग बैलगाडी जाईल एवढी. पोतं टाकलं की पोतं वाहून जायचं. पेंढ्याचे भारे गेले, बायजाबाईंच्या घराचं दार काढून आडवं लावलं, तेही गेलं. आत काहीतरी अडकल्याशिवाय पोती ठरणार नव्हती. मी गोठ्यात गेलो. कोणी सांगितलं नव्हतं. टायरांत हवा असली तर बेडूक तरंगेल, म्हणून चारही टायरांना कोयता घातला, किक मारली आणि तशीच बांधावरून नेली. पहिल्या किकला सुरू झाली. खांडीच्या तोंडाशी मी तिच्यावरून बाजूला उडी टाकली, ती आत गेली आणि आडवी बसली. पोती तिच्यावर थांबली. पाणी थांबलं.

श्रेयस आला तेव्हा हॅण्डलचं एक टोक तेवढं चिखलाबाहेर दिसत होतं. त्याने ते बघितलं. मग बूट काढले आणि पोत्यांच्या रांगेत माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

वकीलसाहेबांना काय सांगायचं ते उद्या बघू. झोप येतेय.